गॅलरीत राजगड: मुलांसोबत मातीचा किल्ला कसा उभारावा?

दुसरा_मजला:
मुलं 7 आणि 10 वर्षांची. दिवाळीत गॅलरीत किल्ला करायचा आहे, जागा 4 फूट बाय 3 फूट. तयार प्लॅस्टरचा किल्ला नको, आणि मुलांना राजगडच हवा आहे. एवढ्या मातीचं वजन किती होईल? पाणी खालच्यांकडे झिरपू नये म्हणून काय करावं? हळीव कधी पेरायचे? आणि नुसता ढिगारा न होता मुलांना त्यातून काही शिकता येईल असं काय काय करून घ्यावं?

चिखलकाला:
भरीव किल्ला करूच नका. 4 बाय 3 चा पाया आणि मध्ये दीड फूट उंची धरली, तर शंकूच्या हिशेबाने 6 घनफूट, म्हणजे 170 लिटर माती लागते. ओली माती लिटरला दीड-पावणेदोन किलो भरते. पावणेतीनशे किलो तिथेच झाले. आतून पोकळ ठेवून वर इंचभर थर दिला की माती 60-65 किलोंत भागते. (हे गणित दहा वर्षांच्या मुलाकडून करून घ्या, त्याला जमेल.)

खाली जुना फ्लेक्स किंवा ताडपत्री पसरा. कडेला विटांची एक ओळ लावून फ्लेक्स तिच्यावरून आत दुमडा, म्हणजे दोन-तीन इंचांचा बांध होतो. त्यावर सांगाडा: बालेकिल्ल्यासाठी मध्ये पालथी बादली, तीन माच्यांसाठी तीन बाजूंना प्लॅस्टिकचे क्रेट, डबे, विटा. पुठ्ठ्याची खोकी वापरू नका, ओल्या मातीखाली ती दोन-तीन दिवसांत बसतात आणि ऐन नरकचतुर्दशीला माची खचते.

सांगाड्यावर गोणपाट. प्लॅस्टिकच्या पोत्यावर माती धरत नाही. चाळलेली माती पाण्यात कालवून भज्याच्या पिठाएवढा दाट काला करा, गोणपाटाचे हात-दीड हाताचे तुकडे त्यात बुडवा आणि न पिळता पसरा. पडलेल्या चुण्या तशाच राहू द्या, त्याच पुढे घळी आणि सोंडा होतात. कोरडं गोणपाट मातीतलं पाणी ओढून घेतं आणि मग पापुद्रे सुटतात, म्हणून बुडवायचा कंटाळा नको.

वर माती दोन थरांत. पहिला थर अर्धवट सुकला की दुसरा. काळी माती वाळताना आकसते आणि हमखास तडकते; तीच असेल तर तेवढीच जाड वाळू मिसळा. तांबडी मिळाली तर उत्तम.

नकाशेगिरी:
शिकण्याचा भाग माती आणण्याआधी सुरू होतो. उपग्रह नकाशावर राजगड उघडा. मधोमध बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती माची, पूर्वेकडे सुवेळा, नैर्ऋत्येकडे संजीवनी. जमिनीवर फ्लेक्स पसरला की होकायंत्राने उत्तर ठरवून खडूने ही बाह्यरेषा मुलांनाच काढू द्या. माच्या लांब-निमुळत्या आहेत हे त्यांना तिथेच दिसेल. बहुतेक घरगुती राजगड गोल होतात, कारण ही पायरी गाळलेली असते.

मग प्रमाण. नकाशावरचं अंतर मोजायचं साधन वापरून सगळ्यात लांब अंतर काढा आणि उपलब्ध जागेने भागा. उदाहरणार्थ 3 किलोमीटर 120 सेंटिमीटरमध्ये बसवायचे, तर 1 सेंटिमीटर म्हणजे 25 मीटर. आता मुलांना विचारा, या प्रमाणात 5 मीटर उंच तटबंदी केवढी? 2 मिलिमीटर! आणि बाजारातला 10 सेंटिमीटरचा मावळा? अडीचशे मीटर उंच. मुलं हसत सुटतात, आणि तटबंदी व चित्रं मुद्दाम मोठी का करावी लागतात हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही. मोठी चित्रं पायथ्याला, बारकी वर अशी मांडली तर गड उंच भासतो.

दुसरा खेळ समोच्च रेषांचा. माझ्या मते अख्ख्या किल्ल्यात सगळ्यात मोलाचा हाच, आणि हळीव पेरण्याआधीच करायचा. एका उभ्या काठीवर दर 5 सेंटिमीटरला खूण करा. काठी किल्ल्याभोवती फिरवत त्या त्या उंचीला मातीत टाचण्या टोचा आणि एकाच उंचीच्या टाचण्या पांढऱ्या दोऱ्याने जोडा. काठी जमिनीला काटकोनात हवी, तिरकी झाली की रेषा एकमेकींना छेदतात. सगळे दोरे झाले की मोठ्यांनी स्टुलावर चढून बरोबर वरून फोटो काढायचा. जिथे दोरे जवळजवळ तिथे चढ उभा, विरळ तिथे सपाटी. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा मग आपोआप वाचता येतो.

सात वर्षांच्या मुलाला पाण्याचं काम द्या. पद्मावती माचीवर तलाव आहे आणि बालेकिल्ल्यावर चंद्रतळं. तिथे वाट्या पुरा. दरवाजांत पाली दरवाजाची वाट सोपी, गुंजवणे दरवाजाची अवघड. दोन्ही वाटा बोटाने आखून कोणती जास्त वळणं घेते ते बघायला सांगा.

हिरवळ:
हळीव पहिल्या पणतीच्या चार-पाच दिवस आधी पेरा. दोन-तीन दिवसांत कोंब, पाचव्या-सहाव्या दिवशी छान हिरवळ, आठवड्यानंतर ते लोळायला लागतात. एवढ्या किल्ल्याला 25-30 ग्रॅम पुरे. भिजवून टाकू नका: बिया बुळबुळीत होऊन गोळे बनतात आणि एकाच जागी झुपका येतो. कोरडे हळीव मूठभर बारीक वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरवा, वर ओलं वर्तमानपत्र. कोंब दिसले की कागद काढायचा, उशीर झाला तर पिवळे पडतात. चिमण्या-कबुतरंही तोवर लांब राहतात. पाणी फवाऱ्यानेच. तांब्याने घातलं की बी वाहून पायथ्याशी गोळा होतं. गहू टाळा, तो झाडांएवढा दिसतो.

कोंबांच्या तळाशी पांढरी लव दिसली तर लगेच बुरशी म्हणून घाबरू नका, ती मुळांची लव असते. फवारा मारला की दिसेनाशी होते. बुरशी तशीच राहते.

चिखलकाला:
सपाटीवर तुमचं बरोबर. उभ्या उतारावर मात्र कोरडं बी टिकत नाही. तिथे पंधरा मिनिटं थोड्याच पाण्यात भिजवून, तोच बुळबुळीतपणा वापरून, ब्रशने पातळ फासायचं.

दुसरा_मजला:
बादलीचा उतार फार उभा आहे, तिथली माती घसरणार नाही का?

चिखलकाला:
घसरेल. बादलीला विटांचे तुकडे टेकवून उतार जरा पसरट करा. तरी जो भाग उभा उरेल तिथे माती थापायचीच नाही. कालवलेलं गोणपाट तसंच सोडून काळ्या मातीच्या पाण्याचा हात द्या, झाला कातळकडा. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक असल्याने उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा अशाच पायऱ्या दिसतात, त्यामुळे ते खरंही वाटतं. ऑइलपेंट लावू नका, नंतर ही माती कुंड्यांत घालता येणार नाही.