वाळवंटात निवांत सुट्टी, सोबत आई आणि लहान मुलं: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. थंडीत घरचे आणि मित्रांची कुटुंबं मिळून वाळवंटात तंबूत राहायचं ठरतंय. धावपळ अजिबात नको. दुपारी सावलीत लोळायचं, रात्री तारे बघायचे; त्यासाठी मुद्दाम अमावास्येच्या आसपासचे दिवस धरलेत.

काळजी आहे ती आईची. तिचे गुडघे दुखतात, वाळूत पाय रुततो. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे वर बसलेला माणूस एकदम पुढे झुकतो. तिला बसवावं का, की उंटगाडीच बरी? तिला हौस फार आहे हो!

कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, तहान कळत नाही. मुलांना पाणी कसं पाजत राहता? आणि सूर्य मावळला की वाळू झपाट्याने गार होते, तर रात्री ब्लँकेट पुरतं की स्लीपिंग बॅग न्यावी?