कंडेम की डिनाउन्स? ठरावाच्या भाषांतराविषयी

विचारणा (फोंडा)
नमस्कार. आमच्या गावातील डोंगरकापणीविरुद्ध ग्रामसभेने मराठीत संमत केलेल्या ठरावाचे इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आले आहे. ‘ग्रामसभा या कृत्याचा तीव्र निषेध करते’ या वाक्यासाठी ‘कंडेम’ घ्यावा की ‘डिनाउन्स’, हे मला ठरवता येत नाही. माझ्याजवळच्या कोशात दोहोंचे अर्थ जवळजवळ सारखेच दिले आहेत. जाणकारांनी कृपया भेद स्पष्ट करावा.

प्रतिसाद (म्हापसा)
भेद लॅटिन मुळांतच आहे. ‘कंडेम’च्या पोटात ‘डाम्नुम’, म्हणजे हानी किंवा दंड, हा शब्द आहे. त्यामुळे दोषी ठरवून निवाडा देणे हा त्याचा गाभा. फाशीची शिक्षा झालेला कैदी ‘कंडेम्ड’ असतो, आणि सरकारी खात्यातील जुनी जीप ‘कंडेम झाली’ असे आपण म्हणतो तेव्हाही ती निकामी असल्याचा निर्णय झालेला असतो. ‘डिनाउन्स’च्या मुळाशी मात्र ‘नुन्तिउस’, म्हणजे निरोप्या, आहे, आणि म्हणून चारचौघांत बोट दाखवून दोष जाहीर करणे हे त्यात अनिवार्य ठरते. एखाद्याला मनातल्या मनात कंडेम करता येते. डिनाउन्स करायचे तर तोंड उघडावेच लागते.

प्रतिसाद (मडगाव)
पोर्तुगीज शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हा भेद सांगावा लागणार नाही, कारण त्या भाषेत ‘देनुन्सियार’ म्हणजे अधिकाऱ्यांकडे वर्दी देणे आणि ‘कोंदेनार’ म्हणजे शिक्षा ठोठावणे. गोव्यात १५६० साली सुरू झालेले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चाललेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायपीठ, आठवावे: कोणी तरी दिलेली वर्दी ही पहिली क्रिया, न्यायपीठाचा निकाल ही दुसरी, आणि त्या दोहोंमधला काळ आरोपी कोठडीत काढी. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले पाहिले की मला म्हणूनच अस्वस्थ वाटते. आपल्या ‘निषेध’ या शब्दाचा मूळ अर्थ मनाई, जो ‘विधिनिषेध’ या जोडशब्दात अजून टिकून आहे. त्यामुळे त्याला नेमका इंग्रजी प्रतिशब्द मिळणे कठीणच. ठरावात कृत्याविषयी मत दिले असेल तर ‘कंडेम’ घ्यावा, आणि कोणावर थेट आरोप केला असेल तर ‘डिनाउन्स’.

विचारणाऱ्याचे उत्तर
आभारी आहे. ठरावात कोणाचेही नाव नाही, ग्रामसभेने कृत्यावरच निर्णय दिला आहे. तेव्हा ‘कंडेम’ लिहितो.