शब्दचर्चा : दोषमुक्त, राजीनामा आणि पुण्याचे काका

रामबागची मावशी : दोन शब्दांवरून एक स्थळ अडलंय, जाणकारांनी मदत करा. मुलगा इथला, इंदूरचा. कॉलेजात असताना मारामारी झाली, केस झाली, पुढं मिटली. मुलीकडच्यांपासून लपवायचं नाही म्हणून मी निकालाची प्रतच पाठवून दिली. निकाल अर्थात हिंदीत. कलम 323 आणि 506, आणि शेवटी ‘राजीनामे के आधार पर अभियुक्त को दोषमुक्त किया जाता है’. लगेच पुण्याहून मुलीच्या काकांचा फोन. पहिला प्रश्न : ‘कुठल्या नोकरीचा राजीनामा दिला त्यानं?’ दुसरा : ‘दोषमुक्त म्हणजे आरोप ठेवण्याआधीच सोडलं ना? मग उद्या तोच खटला परत उभा राहिला तर?’ पहिल्यावर मी हसले, दुसऱ्यावर गप्प बसले. आपल्याकडे तर दोषमुक्त म्हणजे सुटला!

जिल्हा कोर्टातला : मावशी, काका मराठी पेपर नीट वाचणारे दिसतात. महाराष्ट्रात ‘दोषमुक्तीसाठी अर्ज’ अशी बातमी येते तेव्हा तो डिस्चार्जचा, म्हणजे खटला चालवण्याआधीच सोडा असा अर्ज असतो. पूर्ण खटला चालून आरोपी सुटला की तिथं ‘निर्दोष मुक्तता’ लिहितात. आपल्याकडे फौजदारी प्रक्रियेच्या हिंदी पाठात डिस्चार्जला ‘उन्मोचन’ आहे आणि ‘दोषमुक्ति’ म्हणजे थेट अक्विटल, तुमची निर्दोष मुक्तता. उन्मोचन हा शब्द मी कोर्टाच्या व्हरांड्यात कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही. तिथं एक तर ‘डिस्चार्ज हो गया’, नाही तर ‘बरी हो गया’, म्हणजे निर्दोष सुटला.

काकांची शंका मात्र पोकळ नाही. डिस्चार्ज होतो तो आरोप निश्चित होण्याआधी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सत्र खटल्यासाठी कलम 227, पोलिसांनी दाखल केलेल्या वॉरंट खटल्यासाठी (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा खटला) 239. न्यायाधीश पोलिसांचे कागद बघतो, त्यात दम नसेल तर आरोपीला तिथंच सोडतो. साक्षीपुरावा झालेलाच नसतो, त्यामुळे पुढं नवीन पुरावा हाती आला तर दार पुरतं बंद नसतं. एकदा अक्विटल झालं आणि ते कायम राहिलं, की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. हा नियम कलम 300 चा, आणि ‘डिस्चार्ज म्हणजे अक्विटल नव्हे’ हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेलं आहे. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात आकडे बदलले (300 चं 337 झालं), नियम तोच.

आता राजीनामा. आपल्या कोर्टांत राजीनामा म्हणजे तडजोड, दोन्ही बाजूंची राजीखुशी. मराठीतही हा शब्द मुळात संमतीच्या लेखाचाच होता, पुढं नोकरी सोडण्यापुरता उरला. तुमच्या निकालातली कलमं जुन्या दंड संहितेची : 323 म्हणजे साधी दुखापत आणि 506 म्हणजे धमकी. ही दोन्ही कलमं तडजोडीत मिटतात, आणि जुन्या प्रक्रिया संहितेचं कलम 320 म्हणतं की अशा तडजोडीचा परिणाम अक्विटलचाच. तेव्हा काकांना कळवा : नोकरी शाबूत आहे, आणि केस परत उभी राहत नाही.

लष्करकर (ग्वाल्हेर) : यात ‘चालान’ही घाला. आमच्याकडे ‘चालान पेश झालं’ म्हणजे पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं. नाशिकची बहीण विचारते, ‘सिग्नल तोडलास का?’

जिल्हा कोर्टातला : या शब्दावर बचावाच्या वकिलाचा जीव टांगलेला असतो, म्हणून जरा सविस्तर. आरोपी कोठडीत आहे आणि चालान मुदतीत आलं नाही, तर जामीन हा त्याचा हक्क होतो, मग आरोप कसाही असो. मुदत साधारण 60 दिवस. फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर 90. मोजायचं पहिल्या रिमांडपासून (न्यायाधीशानं कोठडीचा पहिला आदेश दिला त्या दिवसापासून), आणि रिमांडचा दिवस धरून. त्या एका दिवसावरून निरनिराळे निकाल होते, 2023 साली सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी वाद मिटवला. आमच्या डायरीत त्या तारखेला लाल गोल असतो. मुदत उलटली की सकाळी कोर्ट उघडताच अर्ज आत गेला पाहिजे, कारण अर्जाआधी चालान पोचलं की तो हक्क गेला. पक्षकाराला वाटतं वकील नुसता बसलाय. तो दिवस मोजत बसलेला असतो!

बडोदेकर : आमची मराठी गुजरातीच्या शेजारात वाढली, त्यामुळे इथं कोर्टाचे शब्द परके वाटत नाहीत. जामीन तोच, उलटतपास तोच, सरतपासही (आपल्याच साक्षीदाराची पहिली तपासणी) तोच. फक्त अटकपूर्व जामिनाला ‘आगोतरा जामीन’. मला तो महाराष्ट्राच्या ‘अटकपूर्व’पेक्षा आणि तुमच्या हिंदी ‘अग्रिम’ जमानतीपेक्षा गोड वाटतो. अग्रिम म्हटलं की पगाराची उचल आठवते. आणि सयाजीरावांनी 1931 साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला तो अशाच घोळांसाठी, मराठी आणि गुजराती त्यात शेजारीशेजारी आहेत.

लष्करकर : जामीनबद्दल एक गंमत. अरबीत ‘जामिन’ म्हणजे हमी घेणारा माणूस, आणि ‘जमानत’ म्हणजे ती हमी. हिंदीनं हमी उचलली, मराठीनं माणूस उचलला आणि त्यालाच हमी केलं. मग माणसाला वेगळं नाव हवं म्हणून ‘जामीनदार’. ‘मी त्याला जामीन राहिलो’ यात जुना माणूस अजून शिल्लक आहे.

सदाशिव पेठी : शब्दांचं ठीक. पण वकीलसाहेब, ज्यानं उघड उघड गुन्हा केलाय त्याचं वकीलपत्र घेता कसं? आमच्याकडे ‘तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतोस’ असं म्हणतात ते उगीच नाही.

जिल्हा कोर्टातला : दादा, तुमच्या त्या वाक्प्रचारानंच घात केलाय. घरात ‘वकीलपत्र घेणं’ म्हणजे चूक असली तरी पाठीशी घालणं. कोर्टात तो एक सहीचा कागद आहे : माझ्या वतीनं हा माणूस बोलेल. वकील म्हणजे प्रतिनिधी. पेशव्यांचे वकील दिल्लीला असत, म्हणून ते बादशहाच्या बाजूचे झाले का? उघड उघड कुणी काय केलं हे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहीपर्यंत ना तुम्हाला माहीत, ना मला. फिर्याद लिहिली रात्री, ओळखलं म्हणतो अंधारात, पंच दोघेही पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीचे. हे विचारायला कुणीतरी लागतं. घटनेच्या अनुच्छेद 22 नं अटकेतल्या प्रत्येकाला आपल्या पसंतीचा वकील दिलाय. अमुक आरोपीचा खटला कुणी घ्यायचा नाही असे ठराव वकील संघ करतात, ते वकिली आचाराविरुद्ध आहेत असं सुप्रीम कोर्टानं 2010 साली मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू या प्रकरणात स्पष्ट सांगितलं.

आणि राग काढायचाच तर ‘फितूर साक्षीदार’ या शब्दावर काढा, म्हणजे बोलावणाऱ्या पक्षाच्याच विरुद्ध बोलणारा साक्षीदार. पुरावा कायद्यात इतकंच आहे की, ज्या पक्षानं साक्षीदार बोलावला त्याला कोर्ट त्याचीच उलटतपासणी करू देऊ शकतं. मराठीनं त्याला थेट किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा करून टाकलं! तो खरं बोलत असेल ही शक्यताच शब्दात उरत नाही. उलट अशा साक्षीदाराची साक्ष सगळी पुसली जात नाही, जेवढी पटेल तेवढी कोर्ट घेऊ शकतं.

सदाशिव पेठी : फितूरचं पटलं. वकीलपत्राचं अर्धं.

रामबागची मावशी : काकांना सगळं वाचून दाखवलं. राजीनाम्यावर ते स्वतःच हसले. आता म्हणतात, निकालासोबत ‘जातमुचलका’ असं लिहिलेला एक कागद आहे, त्यात जात कशाला विचारली?

जिल्हा कोर्टातला : जात म्हणजे इथं स्वतः. ‘जातीनं हजर राहा’ म्हणतो तीच. मुचलका तुर्की मुळाचा, फारसीतून आलेला : लिहून दिलेली हमी. पेपरवाले ‘वैयक्तिक जातमुचलका’ छापतात, म्हणजे वैयक्तिक वैयक्तिक हमी. काकांना सांगा, मुलगा स्वतःच्या हमीवर सुटला होता. आणि आता पत्रिका बघायला घ्या म्हणावं.