हायस्कूलनंतर कॉलेजातही लॅक्रॉस खेळावं का? (मुलींचं, २०२८ ची बॅच)

रानजाई

लेक दहावीत आहे, म्हणजे सोफोमोर. शाळेच्या व्हर्सिटी (मुख्य) संघात आणि क्लबमध्ये लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा मैदानी खेळ) मिडफिल्डला खेळते. जीपीए (चारपैकी सरासरी गुण) ३.८, अनवेटेड. पुढे बायोलॉजी घेऊन प्री-मेडकडे (मेडिकलच्या पूर्वतयारीकडे) जायचा विचार आहे. क्लबमधल्या पालकांच्या तोंडी सध्या एकच विषय, येणारा १ सप्टेंबर, म्हणजे डी-१ च्या कोचना मुलींशी बोलता येतं तो दिवस. तिला खेळ आवडतो, पण कॉलेजात खेळायचंच असा हट्ट नाही. माझे प्रश्न असे: अभ्यास सांभाळून हे खरंच जमतं का? डी-१ आणि डी-३ (कॉलेज खेळांच्या पहिल्या आणि तिसऱ्या डिव्हिजन) मध्ये रोजच्या दिवसात नेमका फरक काय? शिष्यवृत्तीच्या आशेने क्लबवर इतका खर्च करण्यात अर्थ आहे का? आणि हायस्कूलमध्ये चमकणारी मुलगी कॉलेजात कुठे कमी पडते? "तिच्या मनाला विचारा" हे सांगून झालंय लोकांचं, त्यापलीकडचं हवं आहे.

काठीकंदील

खेळावं की नाही, हा प्रश्न मी आधी बाजूला ठेवेन. आधी ठरवा की एप्रिलमधला मंगळवार कसा हवा आहे.

डी-१ चा साधारण असा असतो: सकाळी साडेसहाला वेट्स, नऊ ते बारा वर्ग, सव्वाला ट्रेनरकडे घोट्याला टेप, पावणेदोनला फिल्म, अडीच ते पाच प्रॅक्टिस, मग बर्फ, जेवण आणि रात्री अभ्यास. बाहेरगावी सामना असेल तर त्या दिवशीचे वर्ग बुडतात. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेचा नियम हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास आणि एक दिवस सुट्टी असा आहे. कागदावर ठीक दिसतं. पण सामन्याचा अख्खा दिवस त्यात फक्त ३ तास धरला जातो, आणि बसप्रवास, ट्रेनरकडचा वेळ यांची मोजदादच नाही. त्यामुळे २० चे ३० कधी होतात ते कळत नाही. हंगाम फेब्रुवारी ते मे. शरदात फॉल बॉल (हंगामाबाहेरचा सराव) असतोच, आणि हंगामाबाहेरच्या काळातही ८ तासांपर्यंत काम चालू राहतं.

प्री-मेडचं घोडं अडतं ते लॅबपाशी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब बहुधा दुपारी १ ते ५ आणि प्रॅक्टिसही दुपारीच. यावर उपाय आहेत: लॅबचे विषय शरदात घ्यायचे, वसंतात हलकं वेळापत्रक ठेवायचं, एखादा विषय उन्हाळ्यात उरकायचा. पण ते त्या कॉलेजात, त्या कोचकडे चालतं का, हे आधी विचारावं लागतं. "आमच्याकडे प्री-मेड मुली आहेत" या उत्तरावर थांबू नका. सध्याच्या रोस्टरवर (संघाच्या यादीवर) ज्युनियर-सीनियर (तिसऱ्या-चौथ्या) वर्षात बायोलॉजी किंवा केमिस्ट्री मेजर असलेल्या किती, ते मोजा. रोस्टर पानावर बहुधा प्रत्येकीचं मेजर लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी सहा जणी बायोलॉजीच्या आणि तिसऱ्या वर्षी एकच, असं दिसलं तर काय ते समजून जा.

डी-३ मध्ये हंगामात मेहनत फार कमी असते हा गैरसमज आहे. मिडलबरी कॉलेजने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन डी-३ विजेतेपदं घेतली, ती काही आरामात खेळून नव्हे. फरक पडतो तो हंगामाबाहेर. शरदात सराव अगदी मोजका, त्यामुळे ज्युनियर वर्षात एक सेमिस्टर परदेशी जाणं, संशोधन, दुसरी एखादी आवड यांना जागा राहते. ३.८ आणि प्री-मेड एवढं वाचून माझा कल सरळ डी-३ कडे जातो.

आता खेळ. हायस्कूलच्या मिडफिल्डर तीन ठिकाणी उघड्या पडतात. पहिलं म्हणजे डावा हात (किंवा जो कमजोर असेल तो). हायस्कूलमध्ये वेगाच्या जोरावर उजवीकडून सुटता येतं, कॉलेजची डिफेंडर दुसऱ्याच पझेशनला तुम्हाला डावीकडे ढकलते. दुसरं, शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू मिळाल्यावर शॉट मारायला ठरलेला वेळ. कॉलेजात ९० सेकंद असतात, हायस्कूलच्या बहुतेक सामन्यांत घड्याळच नसतं. म्हणून चेंडू हातात नसताना कुठे पळायचं, कुणासाठी जागा मोकळी करायची, हे शिकलेलंच नसतं. गोल करणाऱ्या मुली पुष्कळ मिळतात. शेवटच्या १५ सेकंदांत न गोंधळणारी मुलगी शोधावी लागते. तिसरं, ड्रॉ, म्हणजे दोघींच्या काठ्यांमधून चेंडू उडवून खेळ सुरू करणं. गोल झाला की पुन्हा ड्रॉ, म्हणजे ड्रॉ जिंकणारा संघ चेंडू समोरच्याला देतच नाही. ड्रॉच्या वेळी मधल्या भागात दोन्हीकडच्या तीन-तीनच मुली. वर्तुळाच्या कडेवरून उडालेला चेंडू गर्दीत उचलणारी मिडफिल्डर असेल, तर गोल कमी असले तरी कोच नाव लिहून घेतो.

हिशोबनीस

पैशांचं मी सांगतो, कारण सगळ्यात जास्त धूळफेक तिथेच होते.

डी-१ च्या मुलींच्या लॅक्रॉसला वर्षानुवर्षं प्रत्येक कॉलेजाला जास्तीत जास्त १२ शिष्यवृत्त्यांएवढी मुभा होती आणि त्या तुकडे करून वाटल्या जात. ३२ जणींत १२ वाटल्या तर सरासरी सदतीस-अडतीस टक्के पदरात पडतात, तेही कॉलेजाने बाराच्या बारा दिल्या तर. डी-२ ला ही मर्यादा ९.९. डी-३ मध्ये खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही, आयव्ही लीगमध्येही नाही.

जून २०२५ मध्ये एनसीएएविरुद्ध खेळाडूंनी केलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि ती स्वीकारलेल्या कॉलेजांत शिष्यवृत्तीची मर्यादा गेली, तिच्या जागी रोस्टरची मर्यादा आली. मुलींच्या लॅक्रॉसला ३८. म्हणजे आता अडतीसही जणींना पूर्ण पैसे देता येतात, पण देता येतात आणि देतात यात मोठं अंतर आहे. उलट बाजूही बघा. ३८ भागिले चार वर्षं, म्हणजे दरवर्षी नऊ-दहा जागा. त्यात एखादी गोलकीपर, ट्रान्सफर पोर्टलमधून (दुसऱ्या कॉलेजातून) आलेल्या एक-दोन. हायस्कूलमधून येणाऱ्या मिडफिल्डरसाठी तीन-चार उरल्या तर पुष्कळ. वॉक-ऑन म्हणून (शिष्यवृत्तीशिवाय) आत शिरायची वाटही यामुळे अरुंद झाली.

एक मानीव उदाहरण घ्या. खाजगी डी-१ कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च ८०,००० डॉलर, शिष्यवृत्ती २५ टक्के. उरले ६०,०००. स्वतःच्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ ३२,००० ला असेल तर "लेकीला लॅक्रॉस स्कॉलरशिप मिळाली" या वाक्याची किंमत वर्षाला २८,००० डॉलर पडली. तेच एखाद्या डी-३ कॉलेजाने मार्कांवर ३५,००० ची मेरिट एड दिली तर गणित वेगळं. म्हणून प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (प्रत्यक्ष किती भरावं लागेल याचा अंदाज देणारा) आधी भरा, कोचशी बोलणं नंतर.

क्लबची फी, हॉटेलं, विमानतिकिटं शिष्यवृत्तीतून वसूल होतील या हिशोबाने कुणी उतरू नये. तो पैसा खेळावर खर्च झाला असं धरायचं. लॅक्रॉसचा खरा फायदा प्रवेशात होतो. जिथे दहातल्या एकीला प्रवेश मिळतो तिथे कोचचा पाठिंबा बराच वजनदार ठरतो.

आणि हो, नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूला कॉलेजशी बांधणारं पत्र) ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता कॉलेजाचा आर्थिक मदतीचा करार हाच कागद. रक्कम एका वर्षाची की चार वर्षांची, दुखापत झाली तर काय, मेरिट एड सोबत जोडता येते का, हे त्यात लेखी हवं. तोंडी कमिटमेंट दोन्ही बाजूंनी मोडू शकते.

खेकडा

सगळे डी-१, डी-३ करताहेत म्हणून तिरका प्रतिसाद. हायस्कूलमध्ये लॅक्रॉस खेळणाऱ्या मुली लाखाच्या घरात आणि एनसीएएच्या तिन्ही डिव्हिजन मिळून बारा-तेरा हजार. म्हणजे आठांतली एक. उरलेल्या सात काय काठी माळ्यावर टाकतात? कॉलेज क्लब लॅक्रॉस हा तिसरा रस्ता आहे. डब्ल्यूसीएलए नावाची संघटना आहे, विभागीय लीग आहे, राष्ट्रीय स्पर्धा आहे. सराव बहुतेक ठिकाणी आठवड्याला दोन-तीन संध्याकाळी, वर्गणी स्वतःची, आणि परीक्षा असेल तर दांडी मारली म्हणून कुणी बेंचवर बसवत नाही. "हट्ट नाही" असं मूळ प्रश्नातच लिहिलंय. ज्या मुलीला हट्ट नाही तिला पहाटेच्या वेट्सना नोव्हेंबरात कोण उठवणार? मोठं सरकारी विद्यापीठ, प्री-मेड आणि क्लब लॅक्रॉस, मला यात काही कमी दिसत नाही.

रानजाई

सगळ्यांचे आभार, विशेषतः रोस्टरवरची मेजर्स मोजायची युक्ती. खेकडा, मुद्दा पटला, क्लबचा पर्याय यादीत घालते. पण समजा डी-३ आणि एखाद-दुसरं डी-१ असा प्रयत्न करायचाच ठरवला, तर आत्तापासून सप्टेंबरपर्यंत नेमकं काय करायचं? ईमेल पाठवूनही कुणी उत्तर देत नाही, म्हणून लेक खट्टू झालीये.

काठीकंदील

उत्तर येत नाही कारण डी-१ च्या कोचना ज्युनियर वर्षाच्या (अकरावीच्या) १ सप्टेंबरपर्यंत रिक्रूटिंगचं बोलायला बंदी आहे. कॅम्पची माहिती किंवा प्रश्नावली पाठवू शकतात, तेवढंच. ईमेल वाचतात, खेळही पाहतात. डी-२ ला बोलणं १५ जूनपासून, ज्युनियर वर्षाच्या आधीच्या. डी-३ चे कोच आधीही उत्तर देऊ शकतात, पण बरेच जण डी-१ ची धावपळ शमेपर्यंत थांबतात. म्हणून १ सप्टेंबरच्या मध्यरात्री फोन वाजला नाही तर रडारड नको.

ईमेलच्या विषयातच सगळं यावं: "२०२८, मिडफिल्ड/ड्रॉ, नाव, क्लब, जर्सी क्रमांक, जीपीए". मजकूर आठ-दहा ओळींचा. त्यात त्या कॉलेजाबद्दल एक खरं वाक्य, व्हिडिओची लिंक आणि स्पर्धेच्या आठवडाभर आधी सामन्यांच्या वेळा व मैदान क्रमांक. आयडब्ल्यूएलसीए या मुलींच्या लॅक्रॉस कोचच्या संघटनेच्या उन्हाळी आणि नोव्हेंबरच्या स्पर्धांत कोच एका सकाळी अनेक मैदानं फिरतात. मैदान क्रमांक नसलेला ईमेल म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. लिहायचं मुलीनेच. आईबाबांनी लिहिलेला ईमेल पहिल्या ओळीत ओळखू येतो.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला क्षणभर थांबवून तिच्याभोवती वर्तुळ. पहिल्या अर्ध्या मिनिटात गोलांची रांग लावू नका. एक ड्रॉ, एक ग्राउंड बॉल (जमिनीवरचा चेंडू उचलणं), चेंडू गेल्यावर उलटं धावून केलेला रीडिफेन्ड, एक दबावाखाली केलेलं क्लिअर (आपल्या भागातून चेंडू पुढे काढणं) आणि मग गोल. कमजोर हाताची क्लिप असलीच पाहिजे. संगीत नको. अख्खा सामना, न कापलेला, वेगळ्या लिंकवर तयार ठेवा, कारण आवडलं की पुढची मागणी तीच येते.

अभ्यासाचं: डी-१ साठी एनसीएएचे १६ कोअर विषय लागतात. इंग्रजी ४, गणित ३ (अल्जेब्रा १ पासून पुढे), विज्ञान २, समाजशास्त्र २, यांतलंच इंग्रजी-गणित-विज्ञानातलं आणखी १, आणि इतर ४. त्यातले १० सीनियर वर्ष सुरू व्हायच्या आत, आणि त्या दहांत ७ इंग्रजी-गणित-विज्ञानाचे. घोटाळा होतो तो शाळेतला एखादा ऑनलाइन किंवा "अप्लाइड" नावाचा विषय एनसीएएच्या मंजूर यादीत नसल्यामुळे. शाळेची यादी आजच तपासा. डी-३ ला ही अट नाही, तिथे कॉलेजचा स्वतःचा प्रवेश.

डी-३ मध्ये "प्री-रीड" हा शब्द लक्षात ठेवा. ज्युनियर वर्ष संपलं की उन्हाळ्यात कोच मार्कपत्रिका आणि सीनियर वर्षाचे विषय प्रवेश कार्यालयाला दाखवून अंदाज घेतो. हिरवा कंदील मिळाला तर बहुधा नोव्हेंबरमध्ये अर्ली डिसिजनचा अर्ज, आणि तो बंधनकारक, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं. म्हणून आर्थिक मदतीचाही प्री-रीड त्याच वेळी मागा. नंतर घासाघीस करायला हातात काही उरत नाही.

गुडघेदुखी

कुणी बोललं नाही म्हणून. मुलींच्या लॅक्रॉसमध्ये गुडघ्याचा एसीएल (आतला अस्थिबंध) धक्का न लागताही फाटतो, वेगात येऊन पाय रोवून दिशा बदलताना. परत मैदानावर यायला साधारण नऊ ते बारा महिने. ज्युनियर वर्षाच्या वसंतात फाटला तर रिक्रूटिंगचा महत्त्वाचा उन्हाळा गेलाच. आठवड्याला दोन-तीनदा, सरावाआधी १५ ते २० मिनिटं फिफा ११+ सारखा वॉर्म-अप करायचा: उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं, एका पायावर तोल, हॅमस्ट्रिंगसाठी (मांडीमागच्या स्नायूंसाठी) नॉर्डिक व्यायाम. फुटबॉलच्या मुलींत याने दुखापती कमी होतात हे अभ्यासांत दिसलंय आणि हालचाली तशाच आहेत. क्लब, शाळा, इनडोअर असे तिन्ही एकाच आठवड्यात नकोत.

रानजाई

एक शेवटचं. कोचचा फोन आलाच तर तिने काय विचारावं?

हिशोबनीस

२०२८ च्या बॅचमध्ये किती मिडफिल्डर घेणार आणि त्यांत मी कितव्या क्रमांकावर? गेल्या चार वर्षांत किती जणींनी संघ सोडला? लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आली तर कोण माघार घेतं? प्रवेश कार्यालयात तुमच्या पाठिंब्याचा अर्थ नेमका काय? आणि भेटीला गेली तर हेच प्रश्न कोच खोलीत नसताना तिसऱ्या वर्षाच्या, फारशी न खेळवल्या जाणाऱ्या मुलीला विचारायचे.