मदत हवी आहे : हॉटेलच्या मुलाखतीत स्वतःची चूक सांगावी का?

नमस्कार मंडळी. लोणावळ्यात एका छोट्या रिसॉर्टमध्ये दोन वर्षं फ्रंट ऑफिसला आहे. गुरुवारी पणजीतल्या एका मोठ्या हॉटेलात मुलाखत आहे. चेक-इन, नाइट ऑडिट (दिवसभराचा हिशेब रात्री जुळवणं), बिलिंग झोपेतही सांगेन. पण मागच्या मुलाखतीत "चिडलेल्या गेस्टला कसं हाताळलंत?" यावर मी म्हणालो, "शांतपणे ऐकून घेतो." समोरच्या बाई म्हणाल्या, "घेतो नको, घेतलं ते सांगा." तिथेच गार!

आता अशा प्रश्नांना उत्तर मांडायची 'स्टार' पद्धत वाचली आहे : परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. प्रसंगही आहे. जुलैतला शनिवार, रात्रीचे साडेअकरा, भिजलेलं कुटुंब, कडेवर झोपलेलं बाळ आणि खोली शिल्लक नाही. मी शेजारच्या हॉटेलात खोली मिळवली, रिक्षाचे पैसे आमच्याकडून दिले, बाळासाठी दूध गरम करून दिलं. पण गोची अशी की ते ऑनलाइन बुकिंग रजिस्टरला चढवायचं मीच विसरलो होतो.

हे सांगावं की गाळावं? गाळलं तर पुढच्याच प्रश्नात पकडला जाईन असं वाटतं. आणि 'परिणाम' काय सांगू? त्यांनी वाईट रिव्ह्यू टाकला नाही, एवढाच!

हॉटेल लाइनमधल्यांनी, विशेषतः मुलाखती घेणाऱ्यांनी, प्लीज सांगा. उत्तर साधारण किती मिनिटांचं असावं? इंग्रजीत अडखळलो तर मध्ये हिंदी चालतं का?