ग्रँड मेसावर गाडी कुठेही का नेता येत नाही

"जंगल पब्लिकचं आहे, मग एटीव्हीला (खडबडीत वाटांवर चालणाऱ्या छोट्या उघड्या चारचाकीला) ठराविक रस्तेच का" असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे पण कोलोरॅडोतल्या ग्रँड मेसापुरतं तरी त्याचं उत्तर तिथल्या जमिनीतच आहे. बेसाल्टचं पठार, १०,००० फुटांच्या आसपास उंची, तीनशेच्या वर तळी आणि स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) जंगलात मधे मधे ओली कुरणं, बर्फ जायला जून उजाडतो, कधी कधी जुलै, तेव्हा माती इतकी भिजलेली असते की एकाने चिखल टाळायला गाडी जरा बाजूने काढली की चाकोरी पडते, मग पुढचा तिच्याही बाजूने जातो आणि रस्ता रुंदच होत जातो. तिथे गवताला वाढायला उन्हाळा मिळतो तो जेमतेम, भरून यायला वर्षं लागतात हो!

म्हणून तर फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी वनखात्याच्या, २००५ च्या नियमाने नकाशावर दाखवलंय तिथेच गाडी, बाकी बंद. नकाशा फुकट असतो, आधीच डाउनलोड करा, पाटी नव्हती हे कारण चालत नाही.

गाडीवाल्यांवर अन्याय मला तरी दिसत नाही. हायवे ६५ ने म्हाताऱ्या आईवडिलांनाही थेट वर नेता येतं आणि हे फार मोलाचं आहे, हिवाळ्यात स्नोमोबाइललाही भरपूर जागा असते. क्रॅग क्रेस्ट या तिथल्या पायवाटेच्या धारेवर मात्र इंजिनाचा आवाज नको म्हणजे नको.

जूनमध्ये जाणार असाल तर कुठले रस्ते उघडलेत ते रेंजर ऑफिसला विचारूनच निघा.