गरोदरपणात फिटची गोळी: लॅमोट्रिजिन चालू ठेवायची का?

प्रश्न
वहिनीला सातवा आठवडा आहे. लॅमोट्रिजिन १०० सकाळ-रात्र चालू, दीड वर्ष फिट नाही. सकाळची गोळी बहुधा उलटीत जाते. घरातली मोठी माणसं म्हणतात, पहिले तीन महिने गोळी नकोच. न्यूरॉलॉजिस्टची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर काय करावं?

उत्तर १
गोळी एक दिवसही बंद नको. अचानक सोडली की फिट येण्याचा धोका वाढतो, आणि मोठी फिट आली तर पडून पोटाला मार बसतो, बाळाचा ऑक्सिजन कमी होतो. फिटच्या गोळ्यांत लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम ही त्यातल्या त्यात सुरक्षित औषधं. भीती व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या औषधाची: सुमारे १० टक्के बाळांत जन्मजात व्यंग, ३० ते ४० टक्क्यांत बोलणं-शिकणं मागे पडतं. तरी तेही आपल्या मनाने सोडायचं नसतं, लगेच डॉक्टर गाठायचा. तुम्हीही फोन करून 'दिवस गेलेत' सांगा, तारीख अलीकडे घ्या.

उत्तर २
खरी गोम वेगळीच आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलं की यकृत लॅमोट्रिजिन भराभर निकालात काढतं. डोस तोच, पण रक्तातली पातळी निम्म्यावर येऊ शकते. म्हणून आत्ता एक लेव्हल (रक्तात औषध किती आहे ती तपासणी) करा आणि पुढे साधारण दर महिन्याला. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, नाहीतर आकडा फुगलेला येतो.
बाळंतपणानंतर सगळं उलटं: दोन-तीन आठवड्यांत पातळी चढते. वाढवलेला डोस तसाच राहिला तर चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, तोल जातो, आणि घरचे म्हणतात, बाळंतीण अशक्त झालीय! डोस उतरवायचा तक्ता माहेरी जाण्याआधीच लिहून घ्या.

उत्तर ३
उलटीत गोळी अख्खी दिसली तर पुन्हा घ्यायची. उशिरा उलटी झाली तर अंदाजाने डबल डोस नको, डॉक्टरांना विचारा. सकाळची गोळी मळमळ ओसरल्यावर, थोडं खाऊन घेतली तरी चालते, फक्त वेळ रोज तीच ठेवा. उलटीवर औषध मिळतं, ते मागून घ्या. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिग्रॅ. चालू आहे ना? निदान १२ आठवडे हवं. दुकानदाराला लॅमोट्रिजिनची कंपनी बदलू देऊ नका. १८ ते २० आठवड्यांची अ‍ॅनोमली (बाळात व्यंग आहे का ते पाहणारी) सोनोग्राफी चुकवू नका.

प्रश्नकर्ता
आभार. अंगावर पाजता येईल का?

उत्तर २
येईल. औषध दुधात उतरतं, म्हणून बाळ फार सुस्त वाटलं, दूध ओढेना किंवा अंगावर पुरळ उठलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जागरणाने फिट येते, तेव्हा रात्रीचं एक दूध काढून ठेवून दुसऱ्याने पाजावं. वहिनीने पाजताना खाली गादीवर बसावं, आणि बाळाला आंघोळ एकटीने घालू नये.